अ तुकडी

फळ्यावर गणित सोडवायला वेळ लागतो म्हणून सातवी ब मधल्या एका मुलीचं नाव बाईंनी ‘गोगलगाय’ ठेवलं होतं. जूनपासून सगळा वर्ग तिला त्याच नावाने हाक मारत होता. सहामाहीत तिला गणितात शंभरपैकी ब्याण्णव गुण मिळाले.

पालकसभेत बाईंनी तिच्या आईला मुद्दाम पुढे बसवलं. “टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, हे आता तुम्हालाही पटलं असेल.”

“पटलं ना, बाई. रोज पहाटे उठून गणितं सोडवत बसते. मी म्हटलं, अगं, जरा झोप. तर म्हणते, नव्वदच्या वर गेले तरच अ तुकडीत घेतात.”

“घेतलंय की. आणि काळजी करू नका, तिचा हात मी सोडणार नाही. अ तुकडीच्या सरांशी बोलून तुकड्याच बदलून घेतल्या. सोमवारपासून ब त्यांच्याकडे, अ माझ्याकडे.”

आईने मागे उभ्या असलेल्या लेकीला पुढे ओढलं. “बाईंना थँक्यू म्हण.”

मुलगी “थँक्यू” म्हणाली.



सोमवारी मुख्याध्यापिकांनी एक अर्ज बाईंपुढे सरकवला. “मला ब तुकडीतच राहू द्यावे, असं लिहिलंय पोरीने. अ तुकडी नको म्हणणारी मी पहिलीच बघतेय. कारण काही दिलेलं नाही. तुम्हाला कल्पना आहे का?”

बाईंनी अर्ज दोनदा वाचला आणि वर न बघता “नाही, मॅडम” म्हणाल्या.