उरलेला चेहरा

"हनुवटी अशी नव्हती," चित्रकार स्वतःशीच पुटपुटला आणि त्याने ती पुन्हा पुसली.

मागे खुर्चीत ताई मटार सोलत बसली होती. "चांगली होती की! किती छळशील त्या कॅनव्हासला?"

गेलेल्या माणसांची चित्रं काढण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. ज्यांच्याकडे फोटो नसे ती माणसं येत, आठवणी सांगत आणि तो चेहरा उभा करी. 'आजोबांचे डोळे प्रेमळ होते' असं कोणी म्हणालं, की तो त्याला मध्येच तोडत म्हणे, "ते सगळ्याच आजोबांचे असतात. ही झाली माहिती. तुमची आठवण सांगा." मग माणूस डोकं खाजवे आणि हळूच सांगे, की हसताना आजोबांचा डावा कान हलायचा. तिथून चित्र सुरू होई.

आता पाळी त्याच्या आईची होती. तो लहान असताना ती गेली, असं सगळे सांगत. किती लहान, हे त्याने कधी विचारलं नव्हतं. तिची एकच आठवण त्याने जिवापाड जपली होती. तो तापाने फणफणलेला आणि कपाळावर ओली घडी ठेवणारी आई. पन्नाशी आली तरी तो चेहरा कागदावर उतरत नव्हता. एक दिवस तोही निसटेल, ही धास्ती त्याला खात होती.

"तू सहा वर्षांनी मोठी. तू तरी सांग, कशी दिसायची?"

"तुला आठवतं तेच काढ."

"तिच्या बोटांना शाईचा वास यायचा."

"पत्रं लिहीत असेल," ताई मान वर न करता म्हणाली.

"आणि अंगाईऐवजी पाढे म्हणायची. सातच्या पाढ्याला हमखास अडायची!" तो हसला.

ताई हसली नाही. "झालंय छान. सही कर आणि जेवायला चल."

चित्र खरंच छान होतं. भरलेले गाल, अंबाडा, डोळ्यांपाशी थकव्याच्या रेषा. कोणीही पाहून 'आई' म्हणावं असं. कोणीही? त्याच्या मनात पाल चुकचुकली. जगाला शहाणपण शिकवणाऱ्याच्या घरीच दिव्याखाली अंधार!

"हा अंबाडा मला आठवतच नाही," तो म्हणाला. "आयांना असतो म्हणून मी काढला."

"राहू दे ना रे." ताईने मटार सोलणं थांबवलं.

पण तो आता ऐकतो कसला! त्याने चिंधी उचलली. अंबाडा गेला. त्या जागी, आपल्या गालाला गुदगुल्या करणारी वेणी आली. रेषा गेल्या, भरलेले गाल गेले, रुंद खांदे गेले. आठवत होते ते पुढचे दोन दात तेवढे त्याने रंगवले. चेहऱ्याच्या मानाने ते बरेच मोठे होते.

तो मागे सरला. कॅनव्हासवरून नऊ-दहा वर्षांची एक पोर खालचा ओठ चावत, काळजीने त्याच्याकडे बघत होती.

त्याने वळून पाहिलं. खुर्चीत ताई अगदी तसाच ओठ चावून बसली होती.

"तापात तू सारखा 'आई, आई' करत होतास," ती म्हणाली. "मग मी ओ दिली."