चिखलमावशीचं चिलखत

धाकटी मांडीवर झोपली होती, त्यामुळे आईचा उजवा हात तेवढा मोकळा होता. त्या एका हाताने तिने जुन्या पुस्तकातली चिखलमावशी नावाची राक्षसीण खेळाच्या नव्या नियमांत बसवायला घेतली. तिचा दादा चार वाजता त्याच्या जुळ्या मुलींना घेऊन येणार होता, आणि सव्वातीन तर वाजलेच होते.

पुस्तक दादाचंच होतं, पंचवीस वर्षांपूर्वीचं. फासे टाकून राक्षसांशी लढायच्या खेळाची ती पहिली आवृत्ती. मुली आता खेळायच्या ती पाचवी. मधल्या कुठल्यातरी आवृत्तीत चिखलमावशीला कोणीतरी गाळून टाकलं होतं. पण थोरलीला तीच हवी होती.

"तू मारलीस तीच," तिने सकाळी आईला बजावलं होतं. "आणि सोपी करायची नाही. मला कळतं."

घरात ती गोष्ट सगळ्यांना पाठ होती. नऊ वर्षांची आई, एकच घाव, आणि मावशी आडवी. फासा पलंगाखाली घरंगळला होता. दादाचा नियम असा, की फासा जिथे पडेल तिथलाच आकडा खरा, आणि तो हलू नये म्हणून एकानेच वाकून बघायचं. मग दादाच पोटावर सरपटत आत गेला होता आणि तिथूनच ओरडला होता, वीस! गोष्ट सांगताना तो अजूनही तसाच ओरडायचा.

थोरलीही आता नऊची होती. तिचे तीन वीर आजवर मेले होते. एक विहिरीत पडून, एक सापाने गिळून आणि एक, जुळ्या हे पुन्हापुन्हा सांगत, स्वतःच्याच दोरीत अडकून. चौथा मेला तर महिनाभर नुसतं बघत बसायचं, असा कायदा जुळ्यांनी काढला होता, आणि थोरलीने ताठ मानेने तो मान्यही केला होता. रात्री मात्र उशीत तोंड खुपसून आईला विचारलं होतं, नुसतं बघत कसं बसतात?

आईने आकडे उतरवले. ताकद, वेग, नखं. चिलखत, एक. मग कपड्यांच्या घड्या घालणाऱ्या नवऱ्याच्या हातात फासा दिला आणि म्हटलं, लढून बघ.

त्याने टाकला. तीन पडले. घाव लागला. पुन्हा टाकला, दोन. पुन्हा लागला. तिसऱ्यांदा त्याने फासा टाकलाच नाही, टॉवेलच झटकला. "अगं, ही मावशी फुंकर मारली तरी जाईल."

आईने कपाळावर हात मारला. जुन्या पुस्तकात चिलखताचा हिशोब उलटा होता, आकडा जितका लहान तितकं चिलखत जाड. जुना एक म्हणजे नव्यातले एकोणीस. तिने एक खोडून एकोणीस लिहिले, आणि पेन्सिल तिथेच थांबली. म्हणजे घाव लागायला वीस बाजूंच्या फाशावर एकोणीस किंवा वीसच पडायला हवेत. जुन्या नियमांतही तेवढेच लागायचे.

"आणि तू एका घावात?" नवऱ्याने विचारलं.

"एका घावात," ती म्हणाली. पण आवाज जरा बारीक आला.

बारा करावेत का, असं तिला क्षणभर वाटलं. तिने खोडरबर उचललं, थोरलीचं 'मला कळतं' आठवलं आणि खाली ठेवलं. एकोणीसच राहिले.

पाच वाजेपर्यंत चिखलमावशीने खोलीत धुमाकूळ घातला. दादा तिच्यासाठी असा घोगरा आवाज काढत होता की धाकटी दोनदा दचकून उठली. जुळ्यांचे दोन्ही वीर गळ्यापर्यंत चिखलात रुतले होते. उरली थोरली आणि तिचा एक घाव. तो चुकला की मावशी तिला ओढून नेणार, हे दादाने अगदी प्रेमळपणे समजावून सांगितलं.

थोरलीने फासा मुठीत घेतला, फुंकला आणि इतक्या जोरात टाकला की तो टेबलावरून उडाला, फरशीवर टणटणला आणि सोफ्याखाली गेला.

जुळ्या उठल्या. दादाने हाताने त्यांना थांबवलं. एकानेच बघायचं. तो स्वतः वाकायला लागला, मग कमरेवर हात ठेवून बहिणीकडे वळला. "माझ्या कमरेने राजीनामा दिलाय. तू जा."

आईने धाकटीला नवऱ्याकडे दिलं आणि पोटावर झोपून आत शिरली. सोफ्याखाली धूळ होती, धाकटीचा हरवलेला मोजा होता आणि भिंतीशी फासा होता.

चार.

सोफ्याच्या कडेशी दादाचे पाय दिसत होते, शेजारी थोरलीचे, अंगठे आत मुडपलेले. आईला आठवलं, त्या दिवशी दादाही पलंगाखाली बराच वेळ होता. सारख्या शिंका येताहेत म्हणून उशीर होतोय, असंच तिला आजवर वाटत आलं होतं.

"किती गं?" दादाने विचारलं. अगदी सावकाश, काही घाई नसल्यासारखं.

आईने बोटाने फासा उलटवला.

"वीस!"

जुळ्यांनी किंकाळी फोडली. दादा मावशीच्या आवाजात कण्हत कण्हत मेला, आणि मरायला त्याने भरपूर वेळ घेतला. आई बाहेर यायच्या आत थोरली धप्पकन तिच्या शेजारी पालथी झाली, गाल फरशीला टेकवून कितीतरी वेळ त्या विसाकडे बघत राहिली.

"आई," ती कुजबुजली, "तुझाही असाच पडला होता?"

"अगदी असाच," आई म्हणाली, आणि तिला शिंक आली.