दूध आटायला नको

"ऑपरेशनच्या कागदावर सही करू नकोस," म्हातारी आपल्या मुलाला, ग्यूजिनला, म्हणाली. "पोराचेही हाल नि आपलेही. वरच्यानंच त्याचं आतडं बंद करून पाठवलंय, तर तुम्ही कशाला मध्ये पडता?"

डॉक्टर प्योबाईंनी रागानं कपाळाला हात लावला. बाळाला डाऊन सिंड्रोम होता, ते कुणाच्याच हातात नव्हतं. पण आतडं जोडणं हातात होतं. नाही जोडलं तर पोर उपाशी मरणार, हे सकाळपासून सांगून सांगून त्यांचा घसा बसला होता.

"आणि यूनसोला? बाळाच्या आईला सांगितलंत?"

ग्यूजिन बुटांकडे बघत राहिला. त्याच्या वतीनंही म्हातारीच बोलली.

"ओल्या बाळंतिणीला असलं सांगतं का कुणी? धसका घेईल ती. दूध आटेल तिचं."

"कुणासाठी हवंय ते दूध?" डॉक्टरांचा आवाज चढला. "इथला फ्रीज भरलाय त्यानं. पोराच्या पोटात थेंब नाही!"

म्हातारीनं मांडीवरचा थर्मास घट्ट धरला. त्यात दूध यावं म्हणून बाळंतिणीला देतात ते समुद्री शेवाळाचं सूप होतं. सुनेसाठी ती ते रोज पहाटे उठून स्वतः करायची, ते काही खोटं नव्हतं.

तेवढ्यात दार उघडलं. दारात यूनसो. ऐन जुलैत पायांत लोकरी मोजे, डोकं बांधलेलं, हातात दुधाची पिशवी. रस्त्यापलीकडच्या बाळंतीणगृहातून एकटीच चालत आली होती.

"कावीळच आहे म्हणालात ना?" तिनं नवऱ्याला विचारलं. "मग नर्स माझ्या हातून दूध घेताना मान खाली का घालते?"

मग डॉक्टरांनीच सांगितलं, काहीही न लपवता. यूनसो भिंत धरून खाली बसली आणि रडली. बराच वेळ रडली.

"मला सोसणार नाही, हे तुम्हीच ठरवलंत. त्याला जगवायचं नाही, हेही तुम्हीच. मी काय नुसतं सूप प्यायला होते?"

"भीती वाटली गं," ग्यूजिन म्हणाला. "आपण गेल्यावर कोण बघणार त्याला?"

यूनसो उठली आणि डॉक्टरांकडे वळली.

"त्याला एक थेंब दिला तर चालेल?"

डॉक्टर थबकल्या. "ओठांवर. फक्त ओठांवर हं. आणि आधी हात धुवा."

काचेपलीकडे यूनसोनं बाळाच्या पेटीत हात घातला. पोटात असताना मारायची तीच हाक मारली, "कोंगी." दुधाचं बोट ओठांना लागलं मात्र, पोरानं ते तोंडात ओढलं आणि चोखायला लागलं ते सोडेचना. इवल्याशा कानशिलाची शीर उडत होती. अलीकडे तिघंही श्वास रोखून बघत होती.

बाहेर येऊन ती एवढंच म्हणाली, "जोडा त्याचं आतडं."

ग्यूजिननं पेन उचललं आणि आईकडे पाहिलं.

"माझ्या तोंडाकडे काय बघतोस?" म्हातारी खेकसली. "आधी खुर्ची दे तिला. उभी आहे कधीची."

तिनं थर्मासचं झाकण काढलं. डॉक्टरांनी वाटी धरली.

"पी गं पोरी, गरम आहे तोवर," म्हातारी म्हणाली. "दूध आटायला नको."