शेअर्ड फोल्डर

घरून काम करणाऱ्या त्या प्रोग्रामरच्या कंप्युटरच्या आत आणखी एक कंप्युटर चालायचा, नुसता सॉफ्टवेअरचा. दोघांसाठी मिळून ठेवलेला फोल्डर आतल्या बाजूने काही केल्या उघडेना. परवानगी देऊन झाली, सगळी सेटिंग्ज पालथी घालून झाली. शेवटी त्याने ऑफिसातल्या ताईंना फोन लावला.

"परवानगी दिल्यावर एकदा लॉग आउट केलंस का?"

"नाही."

"मग तुझी परवानगी त्याला कळणार कशी? बाहेर पड, परत आत जा. आणि दोन्हीकडून तपास. बाहेरून एक ओळ लिही, आतून तिच्याखाली दुसरी. स्क्रीनशॉट पाठव, म्हणजे मी सुटले."

फोल्डर मुकाट्याने उघडला. त्याने सांगितल्याप्रमाणे दोन ओळी लिहिल्या आणि स्क्रीनशॉट पाठवला.

ताई वाचू लागल्या. "'जेवलास का?' 'अजून नाही. तू?'" त्यांना हसू आलं. "अरे, लोक नुसतं 'टेस्ट' लिहितात."

त्याने फोल्डर बंद केला.

"आतली ओळ कोणाकडून लिहून घेतलीस? सोबतीला आलं वाटतं कोणी. मी कधीची मागे लागलेय, एकटा राहू नकोस म्हणून. तू आपला दर वेळी म्हणतोस, मजेत आहे."

नुसतं हो म्हटलं असतं तरी विषय तिथेच मिटला असता.

"कोणी नाही आलं ताई," तो म्हणाला. "दोन्हीकडून मीच."