अर्धा ठिपका

मालवणच्या प्रवाळांवरची ठिपक्यांची समुद्री गोगलगाय केव्हाच संपली होती. तिच्या जागी आता हुबेहूब तशीच यंत्रं शेवाळ साफ करत फिरायची. दमयंती दर महिन्याला बुडी मारून त्यांचे नंबर तपासायची.

यंत्रं घडवली होती तिनेच काढलेल्या एका जुन्या फोटोवरून. त्यातल्या गोगलगायीचा शेपटीकडचा ठिपका माशाने कुरतडलेला होता, म्हणून प्रत्येक यंत्राचाही तो ठिपका अर्धाच.

आज कपारीत एक दिसली. दमयंतीने टॉर्च जवळ नेला, तशी गोगलगायीने अंग चोरलं. शेपटीकडचा ठिपका पूर्ण गोल होता.

"ताई, नंबर सांगा," होडीवरून जयवंतचा आवाज तिच्या पाणबुडी-मुखवट्यातल्या रेडिओवर आला.

दमयंतीने टॉर्च विझवला.

"हिला नंबर नाही रे," ती हळूच म्हणाली.