न खाल्लेलं जेवण

"उपास होता म्हणा आणि सुटा हो मावशी, मागे सगळे खोळंबलेत," रांगेतले एक गृहस्थ पुटपुटले.

शैलजाताई खोत लेकीच्या बाळंतपणाला परदेशी निघाल्या होत्या. डिंकाचे लाडू सामानातून केव्हाच पुढे गेले होते, त्या मात्र काउंटरवरच अडकल्या होत्या. हल्ली विमानातल्या खुर्च्या प्रवाशाचं सगळं टिपून ठेवत. काय खाल्लं, किती झोप लागली, कितीदा डोळे पुसले. ते तिकडच्या सरकारकडे जाई आणि तिकडून प्रश्न येई. उत्तर दिल्याशिवाय बोर्डिंग पास निघत नसे.

"दोन वर्षांपूर्वी परतीच्या विमानात तुम्ही सोळा तास काही खाल्लं नाहीत," काउंटरवरच्या मुलीने पडद्यावरून वाचलं. "कारण विचारलंय. आणि काकू, उपास नका सांगू. त्यांच्याकडे पंचांगही आहे. त्या दिवशी साधा बुधवार होता, सप्तमी."

"मग पित्त सांगा," मागून सूचना आली. रांगेत प्रत्येकाकडे असं एखादं घोटून ठेवलेलं कारण होतंच.

शैलजाताईंना तो बुधवार चांगला आठवत होता. मांडीवरच्या पिशवीत यजमानांच्या अस्थी होत्या. एवढं सांगितलं असतं, तरी पास लगेच निघाला असता.

"काकू, पास अडेल," मुलगी हळूच म्हणाली.

"अडू दे. लेकीला मी समजावेन. तू लिही बाळ, मी का जेवले नाही, हे विचारणारे ते कोण?"