जसाच्या तसा

"बाकी काही नको, तिचे फोटो तेवढे काढून दे बाबा." कुमुदताईंनी लेकीचा लॅपटॉप दुरुस्तीवाल्यापुढे सरकवला. लेकीच्या तेराव्याला जावई तो स्वतः घेऊन आले होते. "जसाच्या तसा आहे, आई," म्हणताना त्यांना हुंदका आवरेना, तेव्हा कुमुदताईंनीच त्यांना धीर दिला होता.

पण लॅपटॉप काही सुरू होईना. दुरुस्तीवाल्यानं आपला लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून त्यावरून तो चालू केला आणि आतले भाग दाखवणारी एक कमांड दिली. यंत्रानं आपल्या पोटातलं सगळं पडद्यावर ओकलं: प्रोसेसर, मेमरी, बॅटरी, कॅमेरा. त्याला काहीतरी खटकलं. त्यानं लॅपटॉप पालथा करून झाकण उघडलं.

"काकू, ह्यात हार्ड डिस्कच नाही. फोटो, मेसेज, सगळं तिच्यातच असतं. कुणीतरी ती काढून घेतलीय आणि स्क्रू अगदी जागच्या जागी बसवलेत."

"आमचे जावई फार टापटिपीचे," त्या सवयीनं बोलून गेल्या.

लेक गच्चीवरून पडली तेव्हा फौजदारानं खोदून खोदून विचारलं होतं. "जावई देवमाणूस आहेत, आमची कुणावर तक्रार नाही," असं कुमुदताईंनीच त्याला ठणकावून सांगितलं होतं.